शोधचौकट रुसते तेव्हा

नोव्हेंबर महिना उजाडला की निवृत्तिवेतनधारकांच्या घरी एका कामाची आठवण हमखास निघते. ते म्हणजे हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी शाखेत जाऊन अधिकाऱ्यांसमोर सही करावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा सुरू झाली आणि हा दाखला डिजिटल स्वरूपात घरबसल्याही सादर करता येऊ लागला. अशाच एका सकाळी एक ज्येष्ठ गृहस्थ या सुविधेची माहिती घेण्यासाठी संगणकासमोर बसले आहेत, अशी कल्पना करावी. मुलगा परगावी नोकरीला, नात शाळेत गेलेली. गृहस्थांनी ब्राउझर उघडला, शोधचौकट समोर आली, तिच्यावर माऊसने टिचकी मारली. पण कळा कितीही दाबल्या तरी एक अक्षर उमटेना. संगणक चालू, इंटरनेट चालू, पान डोळ्यांसमोर आणि तरीही चौकट मुकी!

अडचण तशी क्षुल्लक. बहुतेक वेळा मिनिटाभरात दूर होणारी. परंतु नेमके याच वेळी माणसाचा धीर सुटतो. हाताशी असलेल्या मोबाईलवर ‘मदत क्रमांक’ शोधला जातो, जो पहिला क्रमांक दिसेल तो फिरवला जातो आणि पलीकडून अत्यंत अदबीने बोलणारी व्यक्ती संगणकाचा ताबा मागते. चौकटीच्या दुरुस्तीसाठी केलेला हा दूरध्वनी खाते रिकामे करूनच थांबण्याची भीती असते. म्हणूनच या लहानशा बिघाडाची ओळख प्रत्येक खातेदाराने करून घेणे अगत्याचे आहे.

अक्षराचा प्रवास

कळ दाबल्यापासून अक्षर चौकटीत उमटेपर्यंत चार टप्पे असतात. कळफलक आपला संकेत संगणकाच्या कार्यप्रणालीकडे, म्हणजे विंडोजसारख्या मूळ आज्ञावलीकडे धाडतो. कार्यप्रणाली तो त्या क्षणी सक्रिय असलेल्या खिडकीकडे सोपवते. ती खिडकी ब्राउझरची असेल तर ब्राउझर तो उघडलेल्या पानाकडे देतो आणि पान तो त्या चौकटीकडे पोहोचवते, जिच्यात कर्सरची उभी रेघ लुकलुकत आहे. या साखळीतील एक कडी निखळली तरी अक्षर वाटेतच हरवते. पडद्यावर चौकट दिसते आहे, एवढ्यावरून ती ऐकण्यास सज्ज आहे असे मात्र ठरत नाही.

आपल्यासमोर चौकटीही एकाहून अधिक असतात. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा पत्त्याची पट्टी वेगळी आणि तिच्या शेजारी शोधाची चौकट वेगळी अशी मांडणी होती. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने या दोहोंचे काम एकाच पट्टीकडे दिले आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. त्यामुळे आज ब्राउझरच्या माथ्यावर एक पट्टी असते, शोधयंत्राच्या पानावर दुसरी चौकट असते आणि प्रत्येक संकेतस्थळाची स्वतःची तिसरी चौकट असू शकते. यांपैकी नेमकी कोणती रुसली आहे, हे आधी पाहावे.

तीन ठिकाणची परीक्षा

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. प्रथम नोटपॅडसारखे साधे लेखनसाधन उघडून त्यात चार अक्षरे उमटतात का, ते पाहावे. तेथेही काही उमटले नाही, तर दोष कळफलकाचा किंवा कार्यप्रणालीचा. नोटपॅडमध्ये अक्षरे उमटतात, पण ब्राउझरची वरची पट्टी आणि पानावरील चौकट दोन्ही मुक्या राहतात, तर दोष ब्राउझरचा असण्याची शक्यता अधिक. वरची पट्टी अक्षरे घेते, केवळ पानावरील चौकट घेत नाही, तर दोष बहुधा त्या पानाचा. एवढी विभागणी झाली की अर्धे काम झाले असे समजावे.

कळफलकाची कुरबुर

कळफलक बिनतारी असल्यास त्याची बॅटरी, तारेचा असल्यास त्याची जोडणी आधी तपासावी. दोन्ही ठीक असूनही अक्षरे उमटत नसतील, तर विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ या सोयीकडे लक्ष द्यावे. हात थरथरणाऱ्या व्यक्तींच्या बोटांकडून चुकून दाबल्या गेलेल्या कळा दुर्लक्षिल्या जाव्यात, या चांगल्या हेतूने ही सोय दिलेली आहे. उजव्या बाजूची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ती सुरू होऊ शकते. विचार करत असताना बोट शिफ्टवर विसावले की हे नकळत घडते आणि मग झटकन दाबलेली प्रत्येक कळ संगणक अव्हेरतो. तीच कळ पुन्हा आठ सेकंद धरून अथवा सेटिंगमधील सुलभतेच्या विभागात जाऊन ही सोय बंद करता येते.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यास भाषा बदलते. इनस्क्रिप्ट कळफलक अनवधानाने निवडला गेला असेल, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे येतात आणि पत्ता लिहिणे अशक्य होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटची सवय असणाऱ्यांना याच्या उलट अनुभव येतो. बोटे सवयीने मराठी कळा दाबतात. चौकटीत मात्र इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. शोधचौकटीला युनिकोडमधील देवनागरीच उमगते, हे ध्यानी ठेवावे.

कधीकधी विंडोजमधील मजकूर स्वीकारणारी अंतर्गत यंत्रणाच थबकते. अशा वेळी स्टार्ट मेनूतील शोधचौकटही अक्षरे घेईनाशी होते. उपाय एकच आणि जुनाच : उघडलेली कामे सुरक्षित जतन करून संगणक पुन्हा सुरू करावा. ही यंत्रणा त्यासरशी नव्याने कामाला लागते.

ब्राउझरचे रुसवे

दोष ब्राउझरकडे असल्यास उपाय साध्यापासून अवघडाकडे, या क्रमाने करावेत. आधी एस्केप कळ एकदा दाबावी; उघडी राहिलेली एखादी यादी वा सूचना त्याने मिटते. मग कंट्रोल आणि एल या कळा एकत्र दाबाव्यात. त्यामुळे कर्सर थेट वरच्या पट्टीत जातो आणि माऊसविना लिहिता येते. त्यानंतर एफ ५ दाबून पान नव्याने मागवावे. फायरफॉक्समध्ये टंकन सुरू होताच मजकूर शोधण्याची एक सोय सेटिंगमध्ये आहे. ती सुरू असल्यास चौकटीबाहेर दाबलेली अक्षरे खालच्या बाजूला उघडणाऱ्या पट्टीत जातात. अक्षरे हरवली असे वाटते. प्रत्यक्षात ती तळाशी जमा झालेली असतात.

एवढ्याने भागले नाही तर खाजगी खिडकी उघडून पाहावी. क्रोम आणि एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन या कळांनी, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी या कळांनी ती उघडते. या खिडकीत पूर्वी साठलेल्या कुकी वापरल्या जात नाहीत आणि विशेष परवानगी दिल्याखेरीज ‘एक्स्टेन्शन’ म्हणजे बाहेरून जोडलेली पूरक साधनेही चालत नाहीत. तेथे चौकट सुरळीत चालली, तर दोष याच दोहोंपैकी एकात आहे असे मानण्यास जागा आहे. मग नेहमीच्या खिडकीत परतून सर्व एक्स्टेन्शन बंद करावीत आणि एकेक सुरू करून पाहावे. ज्याच्या येण्याने चौकट पुन्हा मुकी होते, तोच अपराधी.

येथे एक गंभीर बाब नोंदवणे आवश्यक आहे. पानावरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी मिळालेले एक्स्टेन्शन आपण चौकटीत काय लिहितो तेही पाहू शकते. आपण स्वतः बसवल्याचे आठवत नसलेले एक्स्टेन्शन यादीत आढळले, तर ते केवळ बंद न करता काढून टाकावे. बँकेच्या व्यवहारासाठी तोच ब्राउझर वापरला असल्यास सुरक्षित अशा दुसऱ्या उपकरणावरून पासवर्डही बदलावा.

साठलेला तपशील पुसायचा झाल्यास कुकी आणि तात्पुरत्या फाइली एवढ्याच निवडाव्यात. जतन केलेल्या पासवर्डपुढची खूण घाईघाईत केली गेली तर नवेच संकट उभे राहते. ब्राउझर अद्ययावत आहे ना, हेही पाहावे. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपवला. नव्या धाटणीची पाने जुन्या ब्राउझरमध्ये उघडली, तरी त्यांतील चौकटी चालतीलच याची शाश्वती नसते.

दोष पानाचा असेल तर

अनेक संकेतस्थळांवर प्रवेश करताच कुकींच्या संमतीची सूचना येते. तिचा पडदा पुष्कळदा संपूर्ण पानावर अंथरलेला असतो आणि तो पारदर्शक असल्यास लक्षातही येत नाही. त्यामागची चौकट दिसते. परंतु काचेआडच्या मिठाईप्रमाणे हाताला लागत नाही. पान फार मोठे केले असल्यास सूचनेचे बटण पडद्याबाहेर जाते. अशा वेळी कंट्रोल आणि शून्य या कळांनी पान मूळ आकारात आणावे, सूचनेला योग्य ते उत्तर द्यावे किंवा टॅब कळ दाबत चौकटीपर्यंत पोहोचावे.

काही चौकटी मात्र हेतुपुरस्सर अबोल ठेवलेल्या असतात. कळांची नोंद चोरून ठेवणाऱ्या आज्ञावलींपासून बचाव व्हावा म्हणून अनेक बँकांनी नेटबँकिंगच्या पानावर आभासी कळफलक दिला. अशा पानांवर काही वेळा पासवर्ड पडद्यावरील अक्षरांवर माऊस टिचकावूनच भरावा लागतो. लाभार्थ्याचा खाते क्रमांक दुसऱ्यांदा लिहिताना नक्कल करून चिकटवण्यास मनाई असते, तीही चूक टळावी म्हणूनच. हा बिघाड नसून पहारा आहे.

मोबाईलवर चौकटीला स्पर्श करूनही कळफलक वर येत नसेल, तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, कळफलकाचे अॅप अद्ययावत करावे आणि फोन एकदा बंद करून सुरू करावा. मात्र पर्याय म्हणून अनोळखी कळफलक उतरवून घेऊ नये. आपले प्रत्येक अक्षर त्याच्याच हातून जाणार असते.

खरा धोका कोठे?

टंकन थांबण्याचा एक प्रकार निव्वळ फसवणुकीचा असतो. एखादे पान अकस्मात संपूर्ण पडदा व्यापते, भोंगा वाजू लागतो, संगणक बंदिस्त झाल्याची घोषणा होते आणि खाली मदतीचा क्रमांक झळकतो. काहीही टंकित होत नाही, पान मिटत नाही. प्रत्यक्षात संगणकाला सहसा काहीही झालेले नसते. ते एक साधे पान असते. एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी. न जमल्यास ऑल्ट व एफ ४ या कळांनी खिडकी मिटवावी, किंवा कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळांनी टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना मागील पाने परत आणण्याचा प्रस्ताव नाकारावा. तो क्रमांक मात्र कदापि फिरवू नये.

बँकेचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रावर न शोधता पासबुकावर, डेबिट कार्डाच्या मागे किंवा शाखेत विचारून घ्यावा. बँकांच्या पत्त्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ ही स्वतंत्र ओळख ठरवून दिली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना तिच्याकडे वळण्यास सांगितले. पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय त्यामुळे आता अधिकच उपयोगाची आहे. अक्षरे उमटत नाहीत म्हणून कोणी संगणकाचा वा मोबाईलचा पडदा दुरून पाहू देणारे अॅप उतरवण्यास सांगितले, तर संभाषण तेथेच थांबवावे. ओटीपी, पिन आणि पासवर्ड बँक कधीही विचारत नाही. तरीही फसगत झालीच, तर संकोच न बाळगता तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी तो रोखता येणे हे बऱ्याच अंशी या तत्परतेवर अवलंबून असते.

शाखांमधील कर्मचाऱ्यांकडेही ‘संगणकात अक्षर उमटत नाही’ अशी तक्रार घेऊन ग्राहक येतात. ती बँकेच्या अखत्यारीतील नाही, असे म्हणून त्यांना परत पाठवणे सोपे आहे. पण ‘यासाठी कोणाला फोन केला होता का?’ एवढा एक प्रश्न आपुलकीने विचारला, तर कदाचित एखाद्याची आयुष्यभराची पुंजी वाचेल.

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे वळू. त्यांनी मोबाईल उचलला होता. तो क्षणभर विचार करून त्यांनी खाली ठेवला. नोटपॅड उघडून पाहिले, अक्षरे उमटली. वरच्या पट्टीत लिहून पाहिले, तेथेही उमटली. म्हणजे दोष पानाचा. कंट्रोल आणि शून्य दाबताच पान आक्रसले आणि आजवर पडद्याबाहेर दडलेले संमतीच्या सूचनेचे बटण उजव्या कोपऱ्यात दिसू लागले. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा! सूचना मिटली, चौकटीत उभी रेघ लुकलुकू लागली. दुपारी नात शाळेतून परतली, तेव्हा आजोबांच्या वहीत दाखल्याची सारी माहिती उतरवून झाली होती.