भुताचे गाऱ्हाणे

आपल्या कोकणात भुतांनाही वतने वाटून दिलेली आहेत. पिंपळावर मुंजा, पाणवठ्यावर हडळ, पुरलेल्या धनावर समंध. आपापली हद्द सोडून सहसा कोणी फिरत नाही. केळशीसारख्या गावात दिवेलागणीनंतर माडापोफळींच्या वाडीतून ज्यांनी लहानपणी एकट्याने घर गाठले आहे, त्यांना ही हद्द नकाशावर काढून दाखवायला नको. पण भूत सूड का घेते, आणि कोणावर घेते, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

मुंजाचे उत्तर सोपे आहे. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा गेला. त्याचे कार्य तेवढे राहिले. 2024 साली आदित्य सरपोतदार यांनी याच समजुतीवर 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट काढला. त्यातले भूत लग्नासाठी हटून बसले आहे. भय आणि विनोद यांची भट्टी चांगली जमली आहे. मात्र आपल्याला अडचणीत टाकील असे त्या भुतापाशी फारसे काही नाही.

जखिणीचे तसे नाही. हा शब्द संस्कृत 'यक्षिणी'चा, म्हणजे केरळातील 'यक्षी' ही शब्दाने तिची सख्खी बहीण. एकेकाळची उपदेवता आपल्याकडे उतरत उतरत अतृप्त मेलेल्या बाईचे भूत झाली. बायको मेली आणि नवऱ्याने दुसरी केली, की पहिली दुसरीला छळणार, ही समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. तिच्यावर तोड अशी, की मेलेल्या सवतीचा टाक करून दुसरीने तो गळ्यात बांधायचा. हा रिवाज आम्हांला फार बोलका वाटतो. पहिली बाळंतपणात गेली, माराने गेली की विहिरीत सापडली, हे कोणी पुसायचे नाही. धास्ती दुसरीने घ्यायची आणि टाकही तिनेच वागवायचा. ज्याच्या घरात दोघी नांदल्या, तो मोकळा!

अंगात आलेल्या बाईपुढेही हाच प्रकार. भगत विचारतो, 'कोण तू? काय हवे?' मग नारळ, कोंबडे, लुगडे कबूल होते. 'तुला कोणी काय केले?' हे मात्र तो विचारीत नाही. उलट झाड सोडत नाही म्हणून जिवंत बाईलाच छडी आणि धुरी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

भगताने न विचारलेला तो प्रश्न एका मलयाळी चित्रपटात विचारलेला आम्हांला आढळला. ए. विन्सेंट यांचा 1964 सालचा 'भार्गवीनिलयम्'. पटकथा वैकम मुहम्मद बशीर यांनी आपल्याच कथेवरून लिहिली. एक लेखक ओसाड घरात बिऱ्हाड करतो. प्रेमभंगाने विहिरीत जीव दिलेली भार्गवी तिथे सूड घ्यायला टपली आहे, असे गाव सांगते. लेखक मांत्रिक आणीत नाही. घरमालकिणीशी बोलावे तसा तो अदबीने तिच्याशी बोलतो आणि तिची हकीकत लिहायला बसतो. लिहिता लिहिता उलगडते ते असे, की तिने जीव दिलाच नव्हता. तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या नात्यातल्याच माणसाने तिच्या प्रियकराला विष घातले होते आणि तिला विहिरीत लोटले होते. गाव भ्याले ते तिला. खुनी उजळ माथ्याने वावरत राहिला. शेवटी तोही विहिरीतच जातो.

मूळ कथेचे नाव 'नीलवेळिच्चम', म्हणजे निळा प्रकाश. दिव्यातले तेल संपते, लेखक ते आणायला बाहेर पडतो आणि परततो तो खोली निळ्या उजेडाने भरलेली. चित्रपट कृष्णधवल; तेव्हा तो निळा रंग प्रेक्षकाने मनातच पाहायचा. 2023 साली आशिक अबू यांनी तो 'नीलवेळिच्चम' याच नावाने रंगीत काढला. आमचे मत विचाराल तर आधी जुना पाहावा, आणि रिकाम्या घरात लेखक भार्गवीशी एकटाच बोलत असतो ते प्रसंग चुकवू नयेत.