एकच हात का वाळतो?

समजा, खामगाव किंवा चिखलीकडच्या पंधरा ते पंचवीस वर्षांच्या एखाद्या मुलाला हिवाळ्यात सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात. बोटं ताणून धरली की थरथरतात, पंजा बारीक होत चाललाय; पण दुखत नाही, बधिरपणाही नाही. घरचे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं' किंवा 'पोलिओ झाला'.

पोलिओ तापासोबत येतो, काही दिवसांतच अंग लुळं करतो. शिवाय भारतात त्याच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला. इथे मात्र हात महिनोन्‌महिने वाळत जातो. अशा वेळी हिरायामा आजाराची शंका घ्यावी. जपानच्या डॉ. हिरायामांनी १९५९मध्ये त्याचं वर्णन केलं. एकाच हाताचे किंवा पायाचे स्नायू झिजलेल्या भारतीय रुग्णांचा अभ्यास बंगळुरूच्या डॉ. गौरीदेवी व सहकाऱ्यांनी १९८४मध्ये मांडला.

हिरायामा आजारात मान पुढे वाकवली की मज्जारज्जूचं आवरण पुढे सरकून रज्जू दाबला जातो. रक्तपुरवठा घटतो आणि पंजाचे स्नायू चालवणाऱ्या पेशी मरतात. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. आजार काही वर्षांनी बहुधा आपोआप थांबतो; मात्र मानेला वेळीच पट्टा लावला, तर तो लवकर थांबू शकतो.

म्हणून मालिश करत वर्ष घालवू नका. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. एमआरआय मान वाकवूनही काढावा लागेल का, तेही विचारा. सरळ मानेच्या चित्रात हा दोष निसटू शकतो.