घरात वाजवायचा गिटारचा ॲम्प्लिफायर

हरसूलकडच्या जुन्या घरांत खोल्यांच्या मध्ये कुडाची भिंत असते. कारवीच्या काठ्या आणि त्यावर मातीचं लिंपण, एवढंच. अशा भिंतीपलीकडे म्हातारं माणूस झोपलेलं आहे आणि अलीकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विजेची गिटार वाजवायची आहे. तीही कशी? तर रॉक संगीतात वाजते तशी, लांबवर टिकणाऱ्या, फाटक्या, गुरगुरत्या सुराची. मुलगा म्हणतो, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पाहिजे. वडील म्हणतात, गावाला झोपू देणार की नाही? दोघांचंही खरं आहे. पण चुकीची पेटी घरात आली तर पैसेही जातील आणि गिटारही खुंटीला लागेल. तेव्हा विकत घेण्याआधीच थोडं समजून घेऊ.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या रेडिओत काचेच्या नळ्या असत. बटण फिरवलं की त्या तांबूस उजळायच्या आणि थोड्या वेळानं आवाज यायचा. रेडिओतून त्या गेल्या, गिटारवाल्यांनी मात्र सोडल्या नाहीत. त्याला कारण आहे. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला, तर आवाजाची लाट एकदम तुटत नाही. तिचे माथे हळूहळू दबतात, आणि मूळ सुराबरोबर वरचे सूरही उमटू लागतात. गुरुजींनी फळ्यावर एक गोल माथ्याची लाट काढावी आणि तिचा माथा डस्टरानं थोडा पुसून सपाट करावा; मुलांना चटकन कळेल. रेडिओत हा दोष होता. गिटारीत तोच गुण ठरला.

आता मुख्य गोष्ट. ही लाट पेटीत दोन ठिकाणी दबू शकते. पहिली जागा म्हणजे पुढचे छोटे व्हॉल्व्ह. गिटारीतून येणारी वीज व्होल्टच्या अंशांत मोजावी एवढी बारीक. ती हे वाढवतात. १२ एएक्स ७ नावाच्या एका छोट्या नळीत वाढीच्या दोन पायऱ्या असतात, आणि जास्त गुरगुरणाऱ्या पेट्यांत अशा तीन-चार पायऱ्या एकामागून एक लावलेल्या असतात. दुसरी जागा म्हणजे स्पीकरला जोर देणारे मागचे मोठे व्हॉल्व्ह, ईएल ८४ किंवा ईएल ३४ यांसारखे. हे मोठे व्हॉल्व्ह दबायचे तर पेटी पूर्ण ताकदीनं वाजवावी लागते. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानातून १९६५ च्या सुमारास १०० वॉटच्या पेट्या निघाल्या, त्या मोठ्या सभागृहांसाठी. कुणाच्या ओटीवर वाजवण्यासाठी नव्हेत. पुढं १९७५ मध्ये त्याच कंपनीनं मास्टर व्हॉल्यूमची पेटी काढली. पुढचे व्हॉल्व्ह ‘गेन’च्या बटणानं हवे तेवढे दाबा, आणि शेवटचा आवाज वेगळ्या बटणानं कमी करा. घरात वाजवणाऱ्याला हे दुसरं बटण पाहिजेच.

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा कमी वॉटची पेटी घेतली की झालं! इथंच पुष्कळ लोक फसतात. ५० वॉटऐवजी ५ वॉट घेतले तर आवाज दहावा हिस्सा होत नाही. कानाला तो साधारण निम्माच वाटतो. हिशेब पाहा. गिटारचा चांगला स्पीकर फक्त १ वॉटवर, १ मीटर अंतरावर, सुमारे ९७ डेसिबल आवाज काढतो. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास. दहा पट वीज कमी केली की १० डेसिबल उतरतात. म्हणजे ७० डेसिबलवर यायला एका वॉटचा पाचशेवा हिस्सा पुरतो! भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तेव्हा १ वॉटची पेटीसुद्धा पूर्ण उघडली तर कुडाच्या भिंतीला ती जड आहे. माझ्या मते घरासाठी पेटी निवडताना वॉटचा आकडा मागाहून पाहावा. आधी पुढच्या व्हॉल्व्हांचा सूर आणि मास्टरचं बटण पाहावं.

ते बटण दुकानातच तपासा. पुष्कळ पेट्यांत ते शून्यावरून जरा हललं की आवाज एकदम उसळतो, मधलं काही मिळतच नाही. हळूहळू चढणारं बटण निवडा. दुकानदार हौसेनं मोठ्यानं वाजवून दाखवील; त्याला थांबवा आणि आपण बोलतो तेवढ्याच आवाजात ऐका. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान झाला की कानाला खर्जाचे आणि फार वरचे सूर जास्त कमी ऐकू येतात. म्हणून दुकानात भरदार वाटलेली पेटी घरी किरटी वाटते. खर्जाचं बटण थोडं वाढवलं की बरंच सुधारतं. गेन मात्र फार वाढवू नये. त्याबरोबर ट्यूबलाइटची चोक आणि मोबाइलचा चार्जर यांची गुणगुणही वाढते.

मोठ्या व्हॉल्व्हांचाच सूर हवा असेल, तर ॲटेन्युएटर नावाचा डबा मिळतो. तो पेटी आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो आणि जास्तीच्या विजेची उष्णता करून टाकतो. त्याचे ओहम पेटीशी जुळले पाहिजेत, आणि त्याची वॉटची ताकद पेटीपेक्षा जास्त पाहिजे. व्हॉल्व्ह मात्र मोठ्यानं वाजवल्याइतकेच झिजतात.

विजेचं सांगायलाच हवं. परदेशातून आणलेली १२० व्होल्टची पेटी आपल्या २३० व्होल्टवर लावली तर ती जळेल. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेली आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावं. गिटारीच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटं त्या तारांवर असतात. स्पीकर किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय व्हॉल्व्हची पेटी कधी सुरू करू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जातो. आणि प्लग काढला तरी झाकण उघडू नका. मोठ्या पेटीत ३०० ते ४५० व्होल्ट खेळत असतात, आणि आतले कपॅसिटर ते बराच वेळ धरून ठेवतात.