घोरणे थांबले, पण श्वास?

घोरणाऱ्याला आपल्याकडे भाग्यवान समजतात. ‘पडल्या पडल्या डोळा लागला, काय गाढ झोप!’ माझ्या थोरल्या भाईंचे घोरणे गल्लीपर्यंत ऐकू जाई. एका रमजानमध्ये सहरीला उठलेल्या भाभींच्या लक्षात आले, की भाई घोरता घोरता एकदम गप्प होतात. छाती धडपडते, पण श्वास नाही. मग दचकून मोठा उसासा. दिवसा ते बोलता बोलता पेंगत. आणि भाई उसाचा ट्रक चालवत!

या आजाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास अडतो. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू माणसाला जागे करतो. तासाला तीस किंवा जास्त वेळा असे झाले, तर आजार तीव्र समजतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

१९८१ साली यावर दोन उपाय पुढे आले. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिवन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र आणले. अमेरिकेत शिरो फुजिता यांनी टॉन्सिल, पडजीभ आणि मऊ टाळूचा जास्तीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया मांडली.

भाई म्हणाले, “रोज यंत्र कोण लावणार? एकदाचे कापून टाका.” टॉन्सिल मोठे होते, शस्त्रक्रिया झाली. दोन आठवडे घोट गिळवेना. पण घोरणे थांबले. घर खूश झाले! डॉक्टर मात्र झोपेची तपासणी पुन्हा करा म्हणून अडून बसले. निघाले काय? श्वास अजूनही अडत होता, फक्त आवाज न करता.

कारण अडथळा टाळूपाशी असेल तर शस्त्रक्रियेचा गुण येतो. जिभेच्या मुळाशी असेल, वजन फार असेल, तर तो कमी येतो. म्हणून बहुतेकांना आधी यंत्र आणि वजन घटवणे सांगतात. लहान मुलांत मात्र टॉन्सिल काढल्याने पुष्कळदा चांगला फरक पडतो.

भाई आता यंत्र लावून झोपतात. स्टिअरिंगवर पेंग येत नाही. आपल्या घरात कोणी असे घोरत असेल, तर हसू नका. रात्री जवळ बसून त्याचा श्वास ऐका आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे. शस्त्रक्रिया झालीच, तर नंतरची तपासणी चुकवू नका. घरात शांतता झाली म्हणजे आजार गेला, असे नाही.