हळद जिंकली, पण कशात?

हळदीच्या पेटंटची लढाई आपण जिंकलो, हे आता सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही आलं आहे. मार्च 1995मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) 32 संदर्भ पुढे केले, त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953चा लेखही होता, आणि 1997मध्ये पेटंट रद्द झालं. निकालाचा आधार मात्र एवढाच होता, की ही कल्पना नवी नाही. हळदीचा गुण किती, हा तिथला वादाचा मुद्दाच नव्हता. पुढच्या काळात त्वचेच्या क्रीमची जाहिरात करणाऱ्यांनी ‘जुनं’ म्हणजेच ‘सिद्ध’ असं धरून चालायला सुरुवात केली आणि आपणही माना डोलावल्या.

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हा पुरावा नाही का, असं कुणी विचारेल. आहे, पण तो उटण्याचा: हळदपूड, डाळीचं पीठ, साय, चोळणं आणि धुऊन टाकणं. क्रीमच्या डबीत बहुधा हळदीचा अर्क असतो, किंवा त्यातलं एकच द्रव्य, कुर्क्युमिन. हळकुंडात ते साधारण 2 ते 5 टक्के असतं, उजेडात विरतं आणि कातडीवर पिवळा डाग ठेवतं. म्हणून त्याला हायड्रोजन जोडून बिनरंगी टेट्राहायड्रोकुर्क्युमिन बनवतात. (नवरीच्या हळदीला त्याचा काही उपयोग नाही!) या बदललेल्या द्रव्याचा हिशेब आजीच्या अनुभवाच्या खात्यावर कसा मांडायचा?

प्रयोगांचं काय? 2016च्या एका आढाव्यात त्वचाविकारांवरचे 18 अभ्यास तपासले गेले. 10 अभ्यासांत लक्षणीय सुधारणा दिसली. हे आशादायक आहे, पण त्यांत पोटात घेतलेली हळदही आहे. 2017मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तल्या लेखाने थंड पाणी ओतलं: कुर्क्युमिन अस्थिर आहे, रक्तात जेमतेम पोचतं आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतं. यावर क्रीमवाले म्हणतात, आम्हाला रक्तात पोचायचंच नाही. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. रक्ताची अडचण टळते. अस्थिरतेची आणि चकव्याची टळत नाही.

तेव्हा डबी उलटी करून घटकांच्या यादीत हळद कितवी आहे ते बघा. 2020च्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात; त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात.