पेत्राची पंगत

मागच्या आठवड्यात आपण प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय वाचला. यापो गावी धाब्यावर प्रार्थनेला गेलेल्या, भुकेल्या पेत्राला आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही उतरताना दिसते. त्यात नियमशास्त्राने अशुद्ध ठरवलेले जीव, आणि मारून खाण्याची आज्ञा. पेत्र नकार देतो. समोर कोण बोलतो आहे हे ओळखून, त्याला प्रभू म्हणून, नकार देतो. हा हट्टीपणा नव्हता. जे अन्न त्याने जन्मभर देवासाठीच टाळले, तेच आता देव पुढे करत होता. वचन झोंबते ते बहुधा असे, आपण ज्याला भक्ती समजत आलो त्याच जागी.

आपल्या भाषेत हा पेच लक्ष्मीबाई टिळकांइतका उघडपणे कोणी सांगितलेला नाही. त्यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नाशिकजवळच्या जलालपूरचे त्यांचे माहेर. आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याने पछाडले. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालेना. त्या घरातल्या मुलीचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. पुढे काही काळ लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. पुन्हा नवऱ्याजवळ आल्या तेव्हाही स्वतःचे पाणी, स्वतःची चूल वेगळीच.

मग एके दिवशी त्या विचार करू लागल्या: जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांचे वेगळेपण नुसत्या डोळ्यांना दिसते. माणसांमाणसांत तसे काय आहे? उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी. मला या क्रमाचे फार मोल वाटते. पाण्याचा प्रश्न बाप्तिस्म्याच्या आधी सुटला. बाप्तिस्मा घेतला की तो आपोआप सुटेल, असे त्यांनी धरले नाही.

आपण मात्र पुष्कळदा तसे धरतो. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही, असे पौल लिहितो. ते वचन आपल्या भिंतींवरच्या चौकटींत असते. त्याच्या आदल्या अध्यायातली हकिकत कोणी चौकटीत लावत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसे आली तसा तो भिऊन बाजूला झाला. त्याच्यामागे इतर यहूदी बांधव गेले, बर्णबासुद्धा गेला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राची कानउघाडणी केली.

हा पेत्र दर्शन पाहिलेला पेत्र आहे! त्या दर्शनानंतर परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जाऊन आलेला, त्याबद्दल यरुशलेमेत जाब देऊन आलेला. त्याचे मत बदलले नव्हते, माणसांची भीती मात्र उरली होती. मत एकदा पटते. पंगतीला रोज बसावे लागते आणि दारातून कोण येईल ते सांगता येत नाही.

तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कब्रस्तानात दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी राहिली. आपल्याकडे भिंत नाही म्हणून सुटलो असे समजू नये. मुलीचे स्थळ आले की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न मंडळीतल्या किती घरांत, आवाज थोडा खाली आणून, विचारला जातो ते वाचकांना ठाऊक आहे. विचारणारे दुष्ट नसतात. ते प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घेतात आणि नातेवाइकांना भितात. पेत्र भ्यायला तसेच.

पौलाने बोलल्यावर पेत्राने काय उत्तर दिले, हे पत्रात नाही. तो पुन्हा त्या पंगतीत बसला की नाही, तेही नाही. गलतीयातल्या मंडळ्यांना ते सांगण्याची गरज पौलाला वाटली नसावी. त्याला त्यांच्या पंगतीची काळजी होती. या आठवड्यात तो दुसरा अध्याय घरात मोठ्याने वाचावा, लग्नाच्या वयाची मुले समोर असताना. पुढच्या आठवड्यात याकोबाचे पत्र, अध्याय दुसरा: सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा.