महाग म्हणजे भरवशाचा? स्कूबा रेग्युलेटरबद्दलचे गैरसमज

स्कूबा रेग्युलेटर घेताना बहुतेकांची नजर आधी किमतीवर जाते, कारण मनात एक धास्ती असते: खोल पाण्यात हवा एकाएकी थांबली तर? यंत्राची रचना कळली की ही धास्ती बरीच ओसरते. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. बातम्यांत तिला सर्रास ऑक्सिजन म्हणतात, पण शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घातक ठरतो. सिलिंडरला जोडलेला फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बारच जास्त राहील इतका खाली आणतो आणि तोंडातला सेकंड स्टेज श्वास ओढला की लागेल तेवढी हवा देतो. सेकंड स्टेजची झडप सहसा हवेच्या वाहत्या दिशेनेच उघडते. म्हणून फर्स्ट स्टेजच्या झडपेची सीट झिजून दोन्ही स्टेजच्या मधला दाब वाढला, तर तोच दाब झडप ढकलून उघडतो आणि हवा भसाभस वाहू लागते. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो, तेव्हा लगेच वर निघायला हवं. पण तेवढा वेळ श्वास घेता येतो. ही सोय मध्यम किमतीच्या रेग्युलेटरमध्येही असते.

मग जास्त पैशांत काही मिळतच नाही का? मिळतं. ३० मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा चौपट घन होते. तिथे सिलिंडर संपत आला असेल आणि जोडीदारही तुमच्याच हवेवर असेल, तर बॅलन्स्ड, म्हणजे सिलिंडरमधला दाब घटला तरी सारखाच चालणाऱ्या, फर्स्ट स्टेजचा फरक खरोखर जाणवतो. पण युरोपीय मानक ईएन २५० ची चाचणीच ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसनाच्या वेगाने होते. ती पार केलेला साधा रेग्युलेटर मालवण किंवा गोव्याच्या उथळ डाइव्हला पुरून उरतो. या शिक्क्याविना येणारा स्वस्त माल मात्र घेऊच नये. सीलबंद फर्स्ट स्टेजची खरी गरज १० अंशांखालच्या पाण्यात, बर्फ धरू नये म्हणून असते. आपल्या कोमट समुद्रात त्याने वाळू आणि मीठ दूर राहतं, फायदा तेवढाच.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘फारसा वापरलेला नाही, म्हणजे नव्यासारखाच’. रबरी ओ-रिंग कपाटातही कडक होतात, आत शिरलेलं मीठ धातू खातच राहतं. जुना रेग्युलेटर घेताना हवा आत येते तिथली जाळी पाहावी: हिरवट डाग म्हणजे खारं पाणी आत गेलेलं, तांबूस म्हणजे सिलिंडरचा गंज. म्हणून कमी वापरलेल्या रेग्युलेटरलाही सर्व्हिसिंग लागतंच. यावर काही अनुभवी डायव्हर म्हणतात की बिघाड सर्व्हिसिंगनंतरच होतात. त्यात तथ्य आहे, कारण चुकीची जोडणी धोकादायकच. पण त्यावर उपाय सर्व्हिसिंग टाळणं हा नाही. सर्व्हिसिंगनंतर मोजलेला मधला दाब लेखी मागावा आणि पहिली डाइव्ह उथळ पाण्यात करावी. म्हणूनच निवड करताना मी एक प्रश्न सर्वांत वर ठेवेन: या मॉडेलचे सुटे भाग आणि ते बसवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आपल्या आवाक्यात आहे का? तो शेकडो मैल दूर असेल, तर उत्तम रेग्युलेटरही दोन मोसमांत बेभरवशाचा होतो. सर्व्हिसिंग नियमित असलं तरी प्रत्येक डाइव्हआधी फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट लावून माउथपीसमधून श्वास ओढावा; हवा आली, तर कुठेतरी गळती आहे. मग सिलिंडर जोडून, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, गेजकडे पाहत काही श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकत असेल, तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही किंवा जाळी तुंबली आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत पाण्यात उतरू नये.